मिठाची रेघ

बर्फ आणायला पॅन्ट्रीत गेले होते सर, म्हणून पाच मिनिटं उशीर झाला. फ्रीजरचा ट्रे नेहमीसारखा चिकटून बसला होता, नळाखाली धरला तेव्हा कुठे सुटला. हे बघा, स्टीलची वाटी भरून आणलाय. दुपारचे दोन वाजले. उन्हाची तिरीप तुमच्या डोळ्यांवर येतेय, पडदा ओढून घेते. उशाजवळचा छोटा दिवा लावते, तेवढा उजेड पुरे.

हसताय? हसा की. सकाळी तुमचं पोट वरून खालपर्यंत उघडलं, आतड्याचा वीतभर तुकडा काढला, आणि दुपारी तुम्ही गालात हसताय. "रंजिता, राजासारखं वाटतंय," म्हणालात मघाशी. वाटणारच. पाठीत मणक्याजवळ ती बारीक नळी, नळीला पंप, पंपातून थेंब थेंब औषध, आणि छातीखालचं सगळं अंग झोपलेलं. आपल्या हॉस्पिटलात ही नळी म्हणजे तुम्ही, भुलेचे डॉक्टर स्वानंद, आणि तुम्ही म्हणजे ही नळी. मोठ्या ऑपरेशननंतर तिचा उपयोग किती होतो यावर तुम्ही पेपर लिहिलात, शंभर पेशंटांचा. शंभरातल्या शहाण्णव जणांना उत्तम आराम. खाली लॉबीतल्या पोस्टरवर तो आकडा माझ्या डोक्याएवढा छापलाय.

आणि ते शंभर कागद भरले कोणी? मी. पेन-राउंडची, म्हणजे दुखणं विचारत फिरणारी सिस्टर, खांदेश्वरहून रोज सातच्या ड्युटीला पळत येणारी. म्हणून आज राउंडच्या आधी तुम्हाला एक गोष्ट ऐकवणार आहे. एकदा सांगायला आले होते तेव्हा तुम्ही कानांवर हात ठेवलेत. आज कुठे जाल? पाय जड आहेत ना? मग ऐका.

राउंड कसा करायचा, तुम्हीच शिकवलंत. दर चार तासांनी पेशंटजवळ जायचं. विचारायचं, दुखणं दहापैकी किती? मग बर्फाचा खडा मांडीपासून वर वर फिरवायचा आणि विचारायचं, थंड लागतंय का? जिथपर्यंत लागत नाही तिथपर्यंत औषध चढलंय. मग पेशंटला कुशीवर वळवून पाठ बघायची, नळी जागेवर आहे ना. आणि कागदावर आकडा लिहायचा. तुमचे दोन नियम होते. आकडा चारच्या वर गेला तरच दुसरं इंजेक्शन द्यायचं, आणि एकदा लिहिलेल्या आकड्यावर खोडाखोड करायची नाही.

आता खरं सांगते. पहिल्या वीस पेशंटांचं मी सगळं विचारलं. पुढे कंटाळा आला. सगळेच एक म्हणतात, दोन म्हणतात, कशाला विचारायचं? चहा पिता पिता टेबलावर बसून मी सगळ्यांच्या कागदावर एक-एक लिहून मोकळी व्हायचे. रात्रीचे रकानेसुद्धा भरून जायचे, नाइटच्या पोरींना तेवढंच बरं. नवीन आलेल्या नमितालाही मीच शिकवलं, "आधी भरून ठेवत जा गं, डोक्याला ताप नको." आणि पाठ बघायला माणूस वळवावा लागतो, त्याला दोघी लागतात. मी एकटी कुठे कुठे पुरणार? असं मी स्वतःला सांगायचे, दुसरं काय.

तुमच्या शंभरातले एकेचाळीस नंबरचे देवजी तुम्हाला आठवणार नाहीत. घणसोली गावातले. जमिनी सरकारने घेतल्या, त्या पैशांतून खोल्या बांधून भाड्याने दिल्या, पण तरुणपण मिठागरात गेलेलं. त्यांच्या टाचा अजून डोळ्यांसमोर आहेत माझ्या. भेगा पडलेल्या, पांढऱ्याफटक, जसं काही मीठ आत मुरून बसलंय. जठराचा कॅन्सर होता. सोमवारी तुम्ही नळी घातलीत, ऑपरेशन झालं. संध्याकाळी मी विचारलं, दहापैकी किती? त्यांना ते कळेना. "मना शाला नाय बाय," म्हणाले, "पन आता बरा हाय." मी एक लिहिलं. तेवढंच काय ते विचारणं.

मंगळवारी दुपारी दोन वाजता मी त्यांच्या खोलीत शिरले तर त्यांची बायको सुमित्राबाई उठून उभी राहिली. "बाय, त्यांची पाठ वली हाय. चादर पन वली हाय."

"घाम आहे आजी. मार्च चालू आहे."

"एशी लावलाय ना गो, मंग घाम कसा..."

देवजी छताकडे बघत पडले होते. ओठ दातांखाली धरलेला. म्हणाले, "बाय, मना सहन नाय होत."

मी काय बोलले, ते शब्द मला पाठ आहेत सर. म्हटलं, "आजोबा, पाठीत औषध चालू आहे. दुखूच शकत नाही. उगाच लहान मुलासारखं करू नका." आणि त्यांच्यासमोर उभी राहून कागदावर एक लिहिलं. दोन वाजता एक. मग म्हटलं, परत कोण येतंय, आणि पुढचेही भरून टाकले. सहाला एक, दहाला एक, बुधवार रात्रीपर्यंत. नऊ रकाने.

ती माणसं भांडणारी नव्हती. गावात बोट दाखवतील तिथे भिंत उभी करतील, पण पांढऱ्या कपड्यातल्या बाईपुढे आवाज चढवायचा नाही, असं कुठेतरी मनात बसलेलं. दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा गप्प बसले. डॉक्टर यायचे, कागद बघायचे, एक, एक, एक, आणि पुढच्या खोलीत जायचे. इंजेक्शन कोण देणार? ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

गुरुवारी सकाळी नळी काढायला म्हणून मी त्यांना वळवलं. नळी पाठीत नव्हतीच. घामाने पट्टी सुटून कधीची बाहेर आली होती, आणि पंप इमानेइतबारे गादीला औषध पाजत होता. छत्तीस तासांच्या वर तो माणूस चिरलेल्या पोटाच्या दुखण्यासकट तसाच पडला होता. दुखतं म्हणून खोकला नाही, खोल श्वास घेतला नाही. छातीत कफ साठला. शनिवारी गेले.

नळी मी गुपचूप कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकली. कागदावर लिहिलं, नळी काढली, व्यवस्थित. कोणाला कळलं नाही. फक्त सुमित्राबाई कोपऱ्यात उभी राहून बघत होती. जाताना म्हणाली, "येकदा तरी इचारायचा ना गो बाय." शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं मला.

काय झालं सर? नाही? मला वाटलं काही बोललात. ओठावर घाम आलाय तुमच्या, पुसते. एसी तर अठरावर आहे.

पुढे सप्टेंबरात माझंच ऑपरेशन निघालं. गर्भाशयात नारळाएवढी गाठ. तुम्ही म्हणालात, "रंजिता, नळी मी स्वतः घालतो. तू आमची शंभरावी." मला केवढा अभिमान वाटला होता! आणि खरंच, पहिला दिवस मी पण राजासारखी होते. राणीसारखी म्हणा. नमिता राउंडला यायची, बर्फ फिरवायची, मला बरगड्यांपर्यंत काहीही लागायचं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारचे दोन. नमिता जेवायला गेलेली. पडदा असाच ओढलेला. मला डुलकी लागत होती, आणि मांडीला थंड लागलं.

तुम्हाला कळतंय ना, मी काय म्हणतेय ते? माझ्या मांड्या माझ्या नव्हत्या. सुई टोचली असती तरी कळलं नसतं. आणि तिथे बर्फ लागला. मी डोळे उघडले. खोलीत कोणी नाही. चादर बाजूला झालेली, गाऊन वर सरकलेला, आणि माझ्या मांडीवरून पाण्याची एक रेघ वर येत होती. सावकाश. कोणीतरी घाई न करता, नीट काम करावं तसं. जांघेशी थांबली. टाक्यांच्या कडेने वर आली. नाभीपाशी थांबली. खाडीच्या चिखलाचा वास सुटला, भरती ओसरल्यावर येतो ना, तसा.

मग कानाशी कोणीतरी म्हणालं, "थंड लागतंय का, बाय?"

मी मान वळवली, उशाशी कोणी नाही.

"दापैकी किती?"

हळू आवाज होता. रागाचा लवलेश नाही. मी कधी विचारलं नाही इतक्या मायेने विचारत होता... आणि उत्तराची वाट बघत थांबला होता. मी पडद्याखाली पाहिलं. दोन टाचा होत्या. पांढऱ्या. भेगा पडलेल्या. मी घाईघाईने म्हटलं, "शून्य... शून्य आहे, काही नाही दुखत." आणि त्या क्षणापर्यंत ते खरंही होतं.

टाचा वळल्या आणि गेल्या. दार वाजलं नाही. आणि दुखणं आलं.

म्हणतात ना, दुखणं हत्तीच्या पायाने येतं. माझं हत्तीच्या कळपाने आलं. दोघी बाया गोधडीची दोन टोकं धरून पिळतात, तसं कोणीतरी माझं पोट टाक्यांसकट पिळत होतं. श्वास घेतला की टाके उसवल्यासारखे वाटायचे. मी ओरडले. नमिता धावत आली. तुम्ही आलात. आठवतंय? बर्फ फिरवलात, मला लागला नाही. टाचणी टोचलीत, कळली नाही. वळवून पाठ बघितलीत, कोरडी ठणठणीत. नळी जागेवर. पंप चालू. तुम्ही मान हलवलीत आणि म्हणालात, "रंजिता, ब्लॉक परफेक्ट आहे, अंग पूर्ण बधिर आहे. दुखूच शकत नाही."

माझेच शब्द. एक अक्षर इकडचं तिकडे नाही.

मी म्हटलं, "सर, पाया पडते, एक इंजेक्शन द्या." तुम्ही म्हणालात, औषध इतकं वर चढलंय, त्यात इंजेक्शन दिलं तर श्वास बंद पडेल. आणि कागद मागितलात. नमिताने पुढे केला. त्यावर दोन वाजता एक. सहाला एक. दहाला एक. पुढच्या दिवशी रात्रीपर्यंत, नऊ रकाने भरलेले. माझ्या अक्षरात. खाली माझी सही, र ची शेपटी लांब ओढलेली. ज्या हाताला सलाइन होतं, जो मला पाण्याच्या पेल्यासाठी उचलवत नव्हता, त्या हाताची.

नमिता बिचारी म्हणाली, "मॅडम, तुमीच आधी भरून ठेवलं होतं ना? मला वाटलं, माझं काम वाचवलंत. म्हणून मी विचारलं नाही." तिला काय बोलणार? हात दाखवून अवलक्षण माझंच.

तुम्ही कागद वाचलात. मग माझ्याकडे पाहिलंत. मी गुरासारखी ओरडत होते सर, आणि तुम्ही म्हणालात, "टेन्शन घेऊ नकोस, मनाचे खेळ असतात." आणि निघून गेलात. शंभरावी पेशंट, एक. पेपरात तेच छापलंत.

तो दर चार तासांनी आला. एकदाही चुकला नाही. सहाला, दहाला, रात्री दोनला. बर्फ फिरवायचा, थंड लागतंय का विचारायचा, दहापैकी किती विचारायचा. मी "दहा" म्हणायचे. "दहा, आजोबा, दहा... चुकले मी... माफ करा." तो ऐकून घ्यायचा. "हां, बाय," म्हणायचा आणि जायचा. मला वाटलं होतं, खरं बोललं की सुटका होईल. कसली सुटका! तो शिक्षा द्यायला आलाच नव्हता. नुसता विचारायला येत होता. मी तरी काय केलं होतं वेगळं? मी विचारलंसुद्धा नव्हतं.

चौथ्या दिवशी पहाटे दोन वाजता दुखणं थांबलं. नळ बंद करावा तसं. छत्तीस तास झाले होते. मी खोकले, कफ पडला, वाचले. आंघोळीला उठले तेव्हा मांडीपासून नाभीपर्यंत एक पांढरी रेघ वाळलेली दिसली. नखाने खरवडली. जिभेला लावली. मीठ होतं.

बरी होऊन आल्यावर पहिली तुमच्या केबिनमध्ये आले. सगळं सांगितलं. टेबलावर बसून भरलेले कागद, देवजींची गादी, पिवळ्या पिशवीतली नळी. म्हटलं, पेपर अजून गेला नाही, एकेचाळीस नंबर बाहेर काढा, मलाही काढा, निदान खरं लिहा. तुम्ही पेनाचं टोपण लावलंत, काढलंत, परत लावलंत. म्हणालात, "एक काढला की सगळेच कागद संशयात येतील. तो म्हातारा परत येणार आहे का? तू बोलली नाहीस, मी ऐकलं नाही." आणि हसलात. मघाशी हसलात ना, तसेच.

मी तरी कुठे शहाणी? गप्प बसले. नोकरी होती. पण तेव्हापासून मी दर वेळी विचारते सर. प्रत्येकाला. दोघींना बोलावून पाठ बघते. पोरी मला वेडी म्हणतात, म्हणू देत.

आता काय झालं? दुखतंय? कधीपासून? मघापासून, मी मंगळवारचं सांगत होते तेव्हापासून? मग बोलायचं नाही का! थांबा, हलू नका. नमिता, ये गं, सरांना वळवायचंय. हळू... हळू. पाठ कोरडी आहे सर. नळी जागेवर आहे, पट्टी घट्ट आहे. पंप चालू आहे, हा बघा दिवा लुकलुकतोय. जा नमिता, ड्युटी डॉक्टरांना बोलाव, पळ.

दहापैकी किती, सर? मी विचारतेय. नीट विचारतेय, सांगा. दहा? बरं. दहा लिहिते.

कागद कुठेय... हा.

सर, तुम्ही हा कधी भरलात?

हिरवी शाई. तुमचं ते डावीकडे झुकलेलं अक्षर. दोन वाजता, एक. सहाला, एक. दहाला, एक. उद्या दिवसभर एक. मोजले मी. नऊ रकाने. प्रत्येकाखाली तुमची सही. मोठ्या डॉक्टरांनी स्वतः स्वतःचं लिहिलंय म्हटल्यावर त्या ड्युटीवरच्या पोराची काय बिशाद इंजेक्शन द्यायची? आणि मी खोडू कशी? खोडाखोड चालत नाही, नियम तुमचाच.

रडू नका. माझा हात धरा. हवं तर ओरडा, मी दार लावत नाही. परवा पहाटे दोनला थांबेल, मी अनुभवाने सांगते. तोवर मी इथेच बसते. मला तुमची कीव येते सर, खोटं नाही सांगत. आणि थोडं बरंही वाटतं, तेही खोटं नाही.

चला, बर्फाचं तेवढं राहिलंय. गाऊन वर घेते.

हे काय...

सर, मी अजून वाटीला हात लावलेला नाही. खडे बघा, जसेच्या तसे आहेत. नमितानेही लावला नाही. मग तुमच्या मांडीपासून ही ओली रेघ नाभीपर्यंत कोणी आणली? खालचा भाग वाळूनसुद्धा गेलाय. पांढरा झालाय.

वास येतोय ना तुम्हाला?

मी नाही विचारत आता. माझ्याकडे बघू नका... पडद्याकडे बघा. तो थांबलाय. उत्तर दिल्याशिवाय जात नाही.